समई विझली नाही, काकी

काकी,

समई विझली नाही. पाऊस ओसरल्यावर शाळेतल्या आसऱ्यातून परत आलीस तेव्हा पायांवरचा चिखलही न धुता, दारातूनच तू हे विचारलं होतंस. मी मोठ्या अभिमानाने मान हलवली. तू आत डोकावलीस, वात जरा पुढे सारलीस आणि म्हणालीस, "बरा केलंस." त्या दोन शब्दांवर मी पुढचे काही दिवस खूश होतो.

आज त्याच खोलीत बसून तुला हे लिहितोय. तू झोपायचीस त्या जागेवर दिवा ठेवलाय. तेराव्यापर्यंत तो तेवत ठेवायचा, त्याला एकटं सोडायचं नाही. हेही काम माझ्याकडेच आलं. लोक येतात, दिव्याला हात जोडतात, भिंतीला टेकून बसतात. "सुटली बिचारी," म्हणतात. मी प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवतो आणि प्रत्येक वेळी माझा हात जड होतो. का, ते या खोलीत फक्त एका बाईला माहीत आहे. तुलाही माहीत होतं. पण तू बोलली नाहीस.

घाटकोपरच्या या टेकडीवर मी आलो तो तुझ्या भरवशावर. गावी आई गेली आणि वडिलांनी मला काकांबरोबर मुंबईला धाडलं. पहिल्याच दिवशी तू मला मागच्या दाराशी नेलंस आणि म्हणालीस, "हो बघ आपलो डोंगर." तेव्हा मागे करवंदाच्या जाळ्या होत्या. मग जाळ्या गेल्या, खोल्या आल्या. ज्याला जागा हवी त्याने डोंगर थोडा थोडा कापला. शेवटी तुझ्या मागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभा मातीचा कडा तेवढा उरला. काकांची गिरणी संपात गेली, नंतर काका गेले. मी भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागलो, लग्न केलं आणि खाली रस्त्यालगत खोली घेतली. तिथे पावसात नाल्याचं पाणी शिरतं. म्हणजे तुझ्या डोक्यावर माती आणि माझ्या पायाखाली पाणी. "पावसाळ्यात तुला माझ्याकडे आणून कुठे ठेवू?" असं मी म्हणायचो. त्यात खोटं काही नव्हतं. पण ते म्हणताना मला जरा सुटल्यासारखं वाटायचं, हेही खरं.

पलीकडच्या टेकडीवर दरड आली तेव्हा आम्ही सगळे हादरलो. तरणी माणसं पळाली. ढिगाऱ्याखाली राहिली ती म्हातारी. त्यानंतर आमच्या मंडळाने मनावर घेतलं. अध्यक्ष परब, मी आणि आणखी काहीजण मंडळाच्या खोलीत रविवारी बसायला लागलो. कुठल्या घरात कोण म्हातारं आहे, कोणाला चालता येत नाही, कोणाला दिसत नाही, त्यांना कोण उतरवणार, सगळं ठरवलं. पायऱ्यांच्या कडेने दोर बांधला. रेडिओवर अतिवृष्टीचा इशारा आला की थाळी वाजवायची. उतरून जायचं ते उंचवट्यावरच्या शाळेत. लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधून चौघांनी उचलायची सोय केली. ती कल्पना माझी होती. कारखान्यात जड पेट्या आम्ही तशाच नेतो.

मे महिन्यात त्या खुर्चीची तालीम घ्यायची ठरली तेव्हा कोणी म्हातारं बसायला तयार होईना. तू पुढे आलीस. पदर खोचलास, खुर्चीत बसलीस आणि पोरांनी उचलल्याबरोबर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलीस, "मेल्यांनु, माका जित्तेपणीच खांद्यार घेतलात!"

"काकी, हलू नका," परब म्हणाला.

"मेलेला माणूस हलता काय? मी हलतंय म्हणजे बरी आसंय."

सगळी वाडी हसली. तू खालपर्यंत आलीस आणि पोरांना म्हणालीस, परत वर न्या, पायऱ्या कोण चढतलो? त्यांनी नेलीसुद्धा. तुझ्यामुळे त्या दिवशी बाकीची म्हातारी माणसं तयार झाली. भागीरथीआजी, जी कोणाच्या बापाचं ऐकत नाही, तीही म्हणाली, "हिका न्हेलात तर माका पण न्या."

हे मी मुद्दाम लिहितोय. ती माणसं आमच्या योजनेवर विश्वास ठेवून तयार झाली नव्हती. तुझ्यावर विश्वास ठेवून झाली होती.

त्या संध्याकाळी चहा देताना तू मला विचारलंस, "आणि गणपती बसलेलो असलो तर?"

"कुठे?"

"खंय म्हणजे? हंय. घरात. तेका एकट्याक टाकून मी येवचंय नाय."

"काकी, मोठा पाऊस असतो आषाढ-श्रावणात. गणपतीत एवढा नसतो."

"पाऊस काय पंचांग बघान येता?"

मी हसलो. बघू तेव्हा, असं म्हणालो. आपला तो वाद तिथेच राहिला. मला ठाऊक होतं, संपाच्या वर्षी गावी जायला जमलं नाही म्हणून तू इथे गणपती आणलास, आणि एकदा आणला तो मग दरवर्षी आणलास. गणपती बसला की घराला कुलूप नाही, घर रिकामं नाही, समई विझू द्यायची नाही. आपल्यात हे कोणी शिकवत नाही, ते असतंच. माझ्याही घरात तसंच आहे. तरीही योजना आखताना मला ते आठवलं नाही. स्टोअरमधल्या माणसाला वस्तू दिसतात. दोर, बांबू, बॅटऱ्या.

आणि पाऊस गणपतीतच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कड्यातून पाणी झिरपायला लागलं. आधी स्वच्छ होतं, मग गढूळ. परब येऊन बघून गेला, म्हणाला, थाळी वाजवूया. वाजवली. ठरल्याप्रमाणे सगळं झालं. भागीरथीआजी खुर्चीतून उतरली, बाकीचे दोराला धरून उतरले. मी तुझ्याकडे आलो तर तू मोदकांचं पीठ मळत होतीस.

"काकी, ऊठ."

"तुका सांगितलंय ना."

"भिंत बघ. ओली झालीय."

"दर वर्सा ओली जाता."

"गढूळ पाणी येतंय. तू उठली नाहीस तर खाली भागीरथीआजी परत वर यायला निघेल. सगळी तुझ्याकडे बघतायत."

हे ऐकून तू थांबलीस. पिठाचे हात तसेच धरून गणपतीकडे बघत राहिलीस. मला वाटलं, रडशील. तू म्हणालीस, "हेका कोण बघतलो?"

तेव्हा मी ते बोललो. "मी बसतो. तू येईपर्यंत हलणार नाही. समई विझू देणार नाही."

तू मला तेल कुठे आहे ते दाखवलंस, वाती दाखवल्यास, नैवेद्य कसा दाखवायचा ते सांगितलंस, जसं काही मी ते जन्मभर पाहिलंच नव्हतं. जाताना म्हणालीस, "दाराक कडी लावू नको. देव घरात आसा." मग खुर्चीत बसलीस. या वेळी एकही विनोद केला नाहीस.

मी बसलो, काकी. तो दिवस आणि दुसरा दिवस. मागच्या भिंतीशी कान लावून बसलो. मला भीती वाटत होती. तुला सांगायला हरकत नाही. पण भीतीबरोबर एक समाधानही होतं. आपण फार मोठं काहीतरी करतोय असं वाटत होतं. परब अधूनमधून वर येऊन खबर द्यायचा.

"काकी कशी आहे?"

"झकास. सगळ्यांना हसवतेय. मास्तरांच्या खुर्चीत बसलीय."

"जेवली?"

"जेवली. खिचडी केलीय बायकांनी."

मी जेवण विचारलं आणि माझं विचारून संपलं. पुन्हा वातीकडे बघायला लागलो.

दरड आली नाही. पाऊस ओसरला, कडा होता तसा उभा राहिला. तू परत आलीस, समईचं विचारलंस, "बरा केलंस" म्हणालीस. मग पाटावर बसलीस, माझ्याकडे बघितलंस आणि डोळे बारीक केलेस. मला तो चेहरा लहानपणापासून माहीत आहे. आता काहीतरी लागेल असं बोलणार.

"काय रे मोहन, दरड येवची होती ना?"

"येऊ शकली असती."

"मगे तू कसो बसलंस हंय?"

मी समईत तेल घालायला लागलो. तू हसलीस आणि हसताना कमरेला हात लावलास. "काय झालं?" मी विचारलं. "बाकड्यार झोपलंय, आखडलंय," म्हणालीस. मी म्हटलं, शेक घे. विसर्जनाच्या दिवशी तुला थंडी वाजून आली. तू मिरवणुकीला दारापर्यंत आलीस आणि तिथूनच हात जोडलेस. दुसऱ्या दिवशी तू मला काका समजून हाक मारलीस, आणि गिरणीची पाळी संपली काय, डबा खाल्लात काय, असं विचारायला लागलीस.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, लघवीत जंतू झालेत, ते रक्तात पसरलेत, उशीर झालाय. "पाणी कमी पीत होत्या का?" त्यांनी विचारलं. मी ताबडतोब म्हणालो, "नाही, पितात की." काकी, मला काही माहीत नव्हतं. तू किती पाणी पितेस हे मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. तरी मी उत्तर दिलं, ठामपणे, घरातला कर्ता माणूस देतो तसं.

परबची बायको वत्सलावहिनी तिथे तुझ्या उशाशी होती. डॉक्टर गेल्यावर ती मला व्हरांड्यात घेऊन गेली.

"भावजी, तुम्ही खोटं बोललात."

"म्हणजे?"

"काकी शाळेत पाणी प्यायल्याच नाहीत. चहा दिला की बाजूच्या पोराला द्यायच्या. ओठ ओले करायच्या, बस."

"का?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "संडास कुठेय शाळेचा? अंगणाच्या त्या टोकाला. अंगणात एवढं पाणी. दाराला कडी नाही. म्हाताऱ्या बाईला कोणीतरी धरून नेलं पाहिजे, बाहेर उभं राहिलं पाहिजे. आणि तुमच्या मंडळाने हात धरायला ठेवले होते कोण? पोरगे. काकी म्हणाल्या, ह्या मेल्यांका मी न्हाऊ घातलंय, ह्यांचो हात धरून थंय जाव? मग काय, प्यायचंच नाही."

"तुम्ही होतात ना वहिनी?"

"माझं तान्हं तापाने फणफणलेलं होतं. तरी मी एकदा विचारलं. म्हणाल्या, नाही लागली. आणि त्या एकट्याच का? भागीरथीआजी, सगळ्याच तशा. आम्हीपण कमीच प्यायलो."

"मग सांगितलं का नाहीत कोणी?"

"कोणाला सांगायचं, भावजी? यांना? तुम्हाला? तुमच्या मीटिंगला आम्हाला बोलावलंत कधी?" तिने पुढे सांगितलं, "काकी म्हणाल्या होत्या, मोहनला कळवू नका. तो वर देवाजवळ बसलाय, उगाच धावत येईल."

उगाच. हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. मी समईशी बसलो होतो आणि तू माझं बसणं मोडू नये म्हणून गप्प बसली होतीस. मी खाली असतो तर तू मला तरी सांगितलं असतंस का? नसतंस. मी पुरुष आणि तुझा पुतण्या. पण मी अंगण बघितलं असतं. कदाचित बघूनही मला काही दिसलं नसतं. आम्ही उन्हाळ्यात ती शाळा बघायला गेलो होतो. छप्पर तपासलं, खोल्या मोजल्या, पाण्याचं पिंप कुठे ठेवायचं तेसुद्धा ठरवलं. पिंप भरलेलंच राहिलं असेल.

शेवटच्या दिवशी तू शुद्धीत नव्हतीस. नर्सने कापूस पाण्यात बुडवून दिला, मी तुझ्या ओठांवर फिरवत होतो. तेव्हा सांगावंसं वाटलं की मला कळलंय. बाजूला माणसं होती. मी म्हणालो, "काकी, बरी होशील." तू ऐकलं असशील तर हसली असशील. दहाव्याला भटजींनी ओंजळीने पाणी सोडायला सांगितलं. मी सोडलं, पुन्हा सोडलं. त्या वेळी कोणालाच काही विचारावं लागलं नाही. पाणी देणं इतकं सोपं होतं.

वाडीत आता काय बोलतात ते तुला माहीत असायला हवं. "कडा पडला नाही, काकी मात्र गेली." असं उघड बोलतात. "शाळेत नेऊन मारली" असं माझ्यासमोर बोलत नाहीत, मी आलो की गप्प होतात. भागीरथीआजीने खुर्ची दारातून परत पाठवलीय. "मी हंयच मरान, माझ्या घरात," असं तिने परबला सांगितलं. बाकीच्या म्हाताऱ्यांचंही तेच. तुझ्या मागून जी तयार झाली होती, ती तुझ्याच मागून मागे फिरली. आणि कड्यातलं गढूळ पाणी अजून थांबलेलं नाही. मी रोज बघतो. आता परतीचा पाऊस आहे, दुपारी आभाळ काळं होतं, गडगडाट होतो.

आणखी एक सांगतो. हे कोणालाच सांगता येणार नाही म्हणून तुला. तू गेल्यावर एका सकाळी त्या कड्याकडे बघताना माझ्या मनात आलं की, तो त्या दिवशी पडायला हवा होता. रिकाम्या घरावर. मग मी बरोबर ठरलो असतो. त्या घरात मी बसलो होतो हेही मी विसरलो, इतकं मला बरोबर ठरायचं होतं.

परवा मंडळाची बैठक झाली. मी ठरवून गेलो होतो, सगळं सांगायचं. परब म्हणाला, "बोल मोहन, तुला काही मांडायचंय ना?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. दाढीवाले, मिशीवाले, ज्यांच्याबरोबर मी क्रिकेट खेळलो. मी म्हणालो, "शाळेत नीट सोय करावी लागेल."

"कसली सोय?"

तुझं नाव घेऊन ते बोलायचं होतं. तुझं तिथे जाणं, न जाणं, तुझी लाज. मी म्हणालो, "अंथरुणांची."

"हां, ते बरोबर. बाकड्यांवर म्हातारी आखडतात," परब म्हणाला. अंथरुणांचं ठरलं. बाहेर वत्सलावहिनी उभी होती. तिने दारातून ऐकलं होतं. ती निघून गेली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

काकी, तू गप्प राहिलीस याचा मला राग येतो. हो, येतो. एवढी फाटक्या तोंडाची बाई तू, खुर्चीत बसून अख्ख्या गल्लीला हसवणारी. दुधात पाणी घालणाऱ्या भैयाला रस्त्यात उभं करून सोलणारी. तुला एवढंच सांगता आलं नाही? मग लगेच आठवतं, मला तरी कुठे आलं. तुझं जन्माचं वळण होतं. माझ्याकडे तर तू गेल्याचं कारण होतं, तरी मी अंथरुणं म्हणालो.

तू मला वाढवलंस. माझ्या अंगाला खरूज झाली तेव्हा कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ घातलीस. रात्री अंथरूण ओलं व्हायचं तेव्हा काकांना कळू न देता चादर बदललीस, आणि सकाळी पोरांसमोर कधी एक शब्द काढला नाहीस. माझी लाज तू इतकी अलगद सांभाळलीस की ती लाज होती हेच मी विसरलो. तुझी सांभाळायची वेळ आली तेव्हा मी देवाजवळ बसलो होतो.

हे लिहितोय तोवर अंधारून आलंय. दुपारच आहे, पण दिव्याचा उजेड भिंतीवर दिसायला लागला. पहिले थेंब पत्र्यावर वाजले. मागच्या भिंतीची ओल काल होती त्याहून वर चढलीय. परबने थाळी वाजवायला सुरुवात केलीय, ऐकू येतेय. भागीरथीआजीचं दार इथून दिसतं. ती उंबऱ्यात बसलीय आणि उठत नाही.

वत्सलावहिनीला मी हाक मारली. ती पायरीवर आली. "आजीकडे चला माझ्याबरोबर," मी म्हणालो.

"मी येते. पण बोलणार तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून आलं तर पोरगे ऐकतील, मंडळ ऐकेल. मी बोलले तर बायकांची कटकट."

"काय बोलू?"

"जे विचारायचं राहिलं ते."

ती पावसात उभी आहे, मी उठेन म्हणून वाट बघतेय. आजी येईल असं मला वाटत नाही. तिने विचारलं, थंय माका कोण न्हेतला, तर मंडळाकडे आजही उत्तर नाही. अंगणात तेवढंच पाणी असेल, दाराला कडी नसेलच. मला एवढंच करता येईल की तिच्यासमोर, पोरांसमोर, ते एक वाक्य उच्चारायचं: आजी, शाळेत संडासला तुला कोणी न्यायचं? तेही जमेल की नाही सांगता येत नाही.

दिव्याजवळ बसायला दुसरं कोणी नाही, काकी. वारा सुटलाय आणि दाराला कडी लावायची नाही असं तूच सांगून ठेवलंयस. दिवा विझला तर विझू दे. मी जाऊन येतो.